स्त्रियांच्या दुखण्यांचा हिशेब

एखादें सरकार प्रजेच्या कोणत्या दुखण्यांची काळजी वाहतें हें पाहावयाचें असेल, तर त्या सरकारच्या वह्यांत कोणत्या गोष्टींची नोंद होते तें पाहावें. जें मोजलें जातें त्यावर पैसा खर्च होतो. जें मोजलें जात नाहीं त्याला अंदाजपत्रकांत रकानाच नसतो. भारतानें सन १९५२ मध्यें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी रीतीनें हातीं घेतला, आणि असें करणारें तें जगांतील पहिलें राष्ट्र ठरलें. त्यानंतरचीं तीन-चार दशकें खेड्यांतील स्त्रीचें नांव आरोग्यखात्याच्या वहींत मुख्यतः दोनच प्रसंगीं चढत असे. एक, ती गरोदर असतांना आणि दुसरें, मुलें बंद होण्याची शस्त्रक्रिया तिच्यावर झाली म्हणजे. या दोहोंच्या अलीकडे, पलीकडे आणि मध्यें तिचें जें आयुष्य जाई, त्यांत तिला काय दुखत असे याची विचारपूस करणारा कारकून नव्हता आणि डॉक्टरही क्वचितच होता.

स्त्रियांचें आरोग्य आणि सामाजिक न्याय यांच्या धोरणाविषयीं संशोधन करणारी तरुण व्यक्ति नेमकें काय करते, असें कोणी विचारल्यास उत्तर देणें प्रथम अवघड वाटतें. डॉक्टर औषध देतो हें समजतें, शिक्षक धडा देतो हेंही समजतें; पण धोरणाचें संशोधन म्हणजे काय? व्याख्या सांगत बसण्यापेक्षां महाराष्ट्रांत घडलेलें एक उदाहरण घेणें बरें. हें उदाहरण गडचिरोलीचें आहे.

गडचिरोली जिल्हा सन १९८२ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. वैनगंगेच्या पूर्वेकडील हा मुलूख; सुमारें तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा, वस्ती विरळ, लोक बहुतेक भातशेती करणारे, आणि त्यांत गोंड व माडिया समाज मोठा. डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. नागपुरास स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या पति डॉ. अभय बंग यांच्यासह अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकण्यास गेल्या. तें शिक्षण सन १९८४ मध्यें पुरें झाल्यावर दोघें परत आलीं आणि गडचिरोलीस येऊन राहिलीं. तेथें त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था काढली. त्या वेळीं राणीबाईंचें वय पस्तिशीच्या घरांतलें होतें.

त्यांच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो दिसावयास अगदीं साधा होता. खेड्यांतील स्त्रियांत स्त्रीरोगांचें प्रमाण किती? वैद्यकाच्या पुस्तकांत रोगांचीं वर्णनें होतीं, उपचार होते, इस्पितळांत आलेल्या स्त्रियांचे आंकडेही होते. परंतु गरीब देशांतील एखाद्या खेड्यांत जाऊन, आजारी आणि निरोगी असा भेद न करितां, स्त्रियांची रीतसर तपासणी करून काढलेला आंकडा वैद्यकीय वाङ्मयांत जवळजवळ नव्हता.

हा फरक नीट ध्यानांत येण्यासाठीं शाळेंतला अपूर्णांक आठवावा. दवाखान्यांत बसलेल्या डॉक्टराला अंश ठाऊक असतो. छेद ठाऊक नसतो. महिन्यांत चाळीस बायका अमुक तक्रार घेऊन आल्या, हा झाला अंश. पण त्या किती जणींमधून आल्या? ज्यांना तोच रोग आहे पण ज्या आल्या नाहींत, त्या किती? ज्यांना रोग आहे आणि तो रोग आहे हेंच माहीत नाहीं, त्या किती? हा छेद दवाखान्याच्या भिंतीच्या आंत सांपडत नाहीं. तो खेड्यांत, चुलीपाशीं आणि बांधीच्या चिखलांत असतो. ज्या समाजांत डॉक्टरापर्यंत जाण्यास पैसा लागतो, सोबत लागते, घरच्यांची परवानगी लागते आणि अंगावरची लाज बाजूस ठेवावी लागते, तेथें दवाखान्यांतील अंशावरून गांवाची स्थिति ओळखूं पाहणें म्हणजे विहिरीच्या कांठावरील ओलाव्यावरून विहिरीचें पाणी मोजण्यासारखें आहे. सामाजिक विषमता आंकडेशास्त्रांत शिरते ती याच वाटेनें. जो वर्ग दवाखान्यापर्यंत पोंचतो त्याचीं दुखणीं नोंदलीं जातात आणि जो पोंचत नाहीं तो कागदावर निरोगी ठरतो.

वसा आणि अमिर्झा या दोन गांवीं हें काम झालें. तें किती नाजूक होतें याची कल्पना पुरुष वाचकांना सहज येणार नाहीं. खेड्यांतील स्त्री प्रसूतीसाठींसुद्धां घरची सुईण बोलावीत असे; आंतून तपासून घेण्याची गोष्ट तिनें ऐकलेलीही नसे. ताप आला, पाय मोडला, तर तें चारचौघांत बोलतां येतें. अंगावरून पांढरें जातें, पाळी वेळेवर येत नाहीं, अंग बाहेर येतें, संबंधाच्या वेळीं दुखतें, हें सासूपाशींही बोलावयाचें नसतें. ज्या दुखण्याला घरांत शब्द नाहीं त्याची तक्रार दवाखान्यांत कोणत्या शब्दांनीं करावयाची? म्हणून अशा संशोधनांत उपकरणांच्याही आधीं भाषा लागते. बायका आपसांत कोणत्या दुखण्याला काय म्हणतात, त्याचें कारण काय मानतात, त्याला भितात कीं तें अंगवळणीं पडलें आहे असें समजतात, हें ऐकून घ्यावें लागतें. पांढरें जाण्याविषयींच्या स्त्रियांच्या समजुती बंग दांपत्यानें पुढें स्वतंत्र लेखांत मांडल्या. राणीबाईंचें ‘कानोसा’ हें मराठी पुस्तकही असेंच ऐकून घेण्यांतून निघालें आहे.

एकंदर ६५० स्त्रियांची पाहणी झाली. प्रत्येकीला विचारपूस, मग शारीरिक तपासणी, मग प्रयोगशाळेंतील परीक्षा, असा क्रम होता. हा अभ्यास सन १९८९ च्या जानेवारींत इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. त्यांतील मुख्य आंकडे असे: शेंकडा ५५ स्त्रियांनीं स्त्रीरोगाची कांहीं ना कांहीं तक्रार सांगितली, शेंकडा ४५ जणींनीं कांहींही तक्रार सांगितली नाहीं. तपासणी केल्यावर मात्र शेंकडा ९२ स्त्रियांत एक वा अनेक विकार आढळले. दर स्त्रीमागें विकारांची सरासरी ३.६ पडली. यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. आणि पूर्वीं कधीं या कारणासाठीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ होत्या.

येथें थोडें थांबलें पाहिजे. ९२ आणि ८ या दोन संख्यांची बेरीज शंभर होते, हा केवळ योगायोग आहे. त्यावरून कोणी भलता अर्थ काढूं नये. आजार असलेल्या आणि उपचार मिळालेल्या असे दोन गट पाडलेले नाहींत. दोन्ही संख्या त्याच ६५० स्त्रियांसंबंधींच्या दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. परंतु सर्वांत विचार करावयास लावणारी संख्या या दोहोंपैकीं नसून ४५ ही आहे. इतक्या जणींनीं आपल्याला कांहीं होत नाहीं म्हणून सांगितलें, आणि त्यांतील बहुतेकींना कांहीं ना कांहीं होत होतें. त्या खोटें बोलत होत्या असें नव्हे. कांहीं विकारांना लक्षणेंच नसतात हें एक कारण, आणि बाईच्या जातीला इतकें दुखावयाचेंच, अशी लहानपणापासून झालेली समजूत हें दुसरें. दुसऱ्या कारणावर औषधांच्या दुकानांत उपाय मिळत नाहीं.

शेंकडा ९२ हा आंकडा ऐकून त्या काळीं पुष्कळांना धक्का बसला, आणि शंकाही निघाल्या. त्या शंका रास्त होत्या. दोन गांवें म्हणजे देश नव्हे. बोलावलेल्या सर्वच स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या; ज्यांना त्रास होता त्याच अधिक उत्साहानें आल्या असतील तर आंकडा फुगणार. शिवाय विकार कशाला म्हणावयाचें, याची व्याख्या जितकी रुंद तितकी संख्या मोठी. पुढें इतर ठिकाणीं झालेल्या अभ्यासांत निरनिराळे आंकडे आले, कांहीं पुष्कळ लहान आले. म्हणून ‘भारतांतील शंभरांतल्या ब्याण्णव स्त्रिया रोगी’ असें जें विधान भाषणांतून कधीं कधीं ऐकूं येतें, तें चुकीचें आहे; मूळ लेखांत तसें म्हटलेलें नाहीं. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तपासणीस आलेल्यांत बिनतक्रारीच्या जवळजवळ निम्म्या होत्या, तेव्हां केवळ आजारी बायकाच गोळा झाल्या होत्या असें म्हणतां येत नाहीं. आणि आंकडा अर्धा केला तरी प्रश्न अर्धा होत नाहीं. सन १९९३ मध्यें ईजिप्तमधील गिझा भागांतील दोन खेड्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथें तपासलेल्या ५०९ स्त्रियांपैकीं शेंकडा ५६ जणींत अंग बाहेर येण्याचा विकार आणि शेंकडा ५२ जणींत जननमार्गाचे संसर्ग आढळले. देश वेगळा, धर्म वेगळा, आहार वेगळा; न सांगितलेलें दुखणें मात्र त्याच जातीचें.

गडचिरोलीच्या लेखांत आणखी एक निष्कर्ष आहे आणि त्यावरून संशोधकाचा प्रामाणिकपणा पारखतां येतो. स्त्रियांनीं वापरावयाचीं संततिनियमनाचीं साधनें आणि स्त्रीरोग यांचा संबंध त्यांना आढळला. सरकारी शस्त्रक्रियांच्या शिबिरांवर राग असणाऱ्या कोणालाही सर्व दोष तेथेंच टाकण्याचा मोह झाला असता. पण हिशेब केल्यावर असें दिसलें कीं, या कारणानें एकंदर विकारांपैकीं अगदीं थोड्यांचाच उलगडा होतो. आणि तसेंच त्यांनीं लिहिलें. लेखाची शिफारसही साधीच होती. खेड्यांत जी प्राथमिक आरोग्यसेवा दिली जाते, तिच्यांतच या विकारांच्या उपचारांची सोय असावी.

आतां धोरणाकडे वळूं. सन १९९४ च्या सप्टेंबरांत कैरो येथें लोकसंख्या आणि विकास या विषयावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. १७९ राष्ट्रांनीं तेथें असें मान्य केलें कीं, लोकसंख्येचा आंकडा हेंच साध्य न धरितां स्त्रीचें प्रजननविषयक आरोग्य आणि तिचा हक्क यांना मध्यवर्ती स्थान द्यावें. एका गडचिरोलीच्या आंकड्यामुळें हें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. अनेक देशांतील स्त्रीसंघटनांचे वीस वर्षांचे श्रम त्यामागें होते. परंतु ज्या वेळीं मुत्सद्दी लोक ‘ग्रामीण स्त्रीची ही मागणीच नाहीं’ असें म्हणत, त्या वेळीं पुढें ठेवण्यासारखा पुरावा हातांत असणें ही लहान गोष्ट नव्हती. भारत सरकारनें एप्रिल १९९६ मध्यें कुटुंबनियोजनाचीं वरून लादलेलीं लक्ष्यें काढून टाकलीं. सन १९९७ मध्यें प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि जननमार्गाच्या संसर्गांचा उपचार त्यांत अधिकृतपणें समाविष्ट झाला.

वहींत रकाना आला. तो भरण्याची वेळ आली तेव्हां अडचणीही आल्या. प्रत्येक उपकेंद्रांत प्रयोगशाळा असणें शक्य नव्हतें, म्हणून लक्षणांवरून औषध देण्याची पद्धति स्वीकारण्यांत आली; अमुक तक्रार असली म्हणजे औषधांचें अमुक पुडकें द्यावयाचें. गडचिरोलीचे आंकडे ध्यानांत असणाऱ्याला या पद्धतींतील उणीव तत्काळ दिसेल. जिला लक्षणच नाहीं तिला पुडकें मिळणार नाहीं. उलट, अंगावरून पांढरें जाण्याचें कारण पुष्कळदां संसर्ग नसतेंच. त्या स्त्रीला नको असलेलें औषध मिळतें, आणि तुला गुप्तरोग आहे असा अर्थ घरांत निघाला तर औषधाहून भयंकर परिणाम तिला सोसावा लागतो. सोपा उपाय सर्वांना सारखा वांटला म्हणजे न्याय होतो असें नाहीं.

देशव्यापी चौकशीही लवकरच झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं सन १९९८-९९ मध्यें जी दुसरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तींत सुमारें ९०,००० स्त्रियांना भेटून प्रश्न विचारण्यांत आले. विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३९ जणींनीं प्रजननविषयक एखादी तक्रार असल्याचें सांगितलें आणि त्यांपैकीं शेंकडा ६६ जणींनीं कोणाचाही सल्ला वा उपचार घेतला नव्हता. ही नुसती तोंडी विचारपूस होती, तपासणी नव्हती. वसा आणि अमिर्झा येथील अनुभव पाहतां तोंडी उत्तर खऱ्या संख्येच्या अलीकडेच राहतें.

गर्भारपण आणि बाळंतपण यांचा हिशेब तरी पुरा होता काय? तोही नव्हता. त्या हिशेबांत मृत्यु मोजले जातात, आजार नाहींत. भारतांत एक लक्ष जिवंत जन्मांमागें मातांच्या मृत्यूंचें प्रमाण २०१८-२० या काळांत ९७ होतें आणि महाराष्ट्रांत ३३. पूर्वींच्या मानानें ही मोठीच सुधारणा आहे. पण मेली नाहीं म्हणजे बरी आहे, असें होत नाहीं. गडचिरोलीच्या खेड्यांत ७७२ बाळंतिणींचा घरोघर जाऊन पाठपुरावा करण्यांत आला व तो अभ्यास सन २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. शेंकडा ५२.६ जणींना प्रसूतीच्या वेळीं वा नंतर कांहींतरी आजार झाला, आणि शेंकडा ३४.७ जणींची स्थिति डॉक्टराची गरज पडावी अशी होती. प्रसूतीच्या वेळच्या आजारांपेक्षां नंतरच्या सुतकाच्या दिवसांतील आजार अधिक निघाले. ज्या दिवसांत मूल पाहण्यास सारें गांव येतें, त्याच दिवसांत आईकडे पाहण्यास कोणी नसतें.

न मोजलेलें दुखणें जेव्हां बाजारांत जातें तेव्हां काय होतें, याचें उदाहरण मराठवाड्यांत आहे. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकानें जरी दिवस बुडविला तरी ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड अंगावर चढतो. राहणें कोपींत, न्हाणी नाहीं, संडास नाहीं, डोक्यावर मोळी आणि पाळीचे दिवस तसेच फडांत काढावयाचे. अशा स्थितींत ओटीपोट दुखूं लागलें, पांढरें जाऊं लागलें, तर सरकारी दवाखाना दूर आणि खासगी दवाखाना जवळ. तेथें पुष्कळ जणींना कॅन्सरचें भय घालून गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. आणि पिशवी गेली म्हणजे पाळी गेली, पाळी गेली म्हणजे खाडा गेला, हा हिशेब मुकादमाला आणि कधीं कधीं घरच्यांनाही सोयीचा वाटला.

हा प्रकार सन २०१९ मध्यें वर्तमानपत्रांतून गाजल्यावर राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. हें प्रमाण शेंकडा सुमारें १७ पडतें. देशांतील १५ ते ४९ वयाच्या सर्व स्त्रियांत तें शेंकडा ३ च्या आसपास आहे. वास्तविक पांढरें जाण्याच्या बहुतेक कारणांवर थोड्या दिवसांच्या गोळ्यांनीं उपाय होतो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर ऐन उमेदीच्या वयांत हाडें ठिसूळ होऊं लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि जी बाई खाडा टाळण्यासाठीं शस्त्रक्रियेला तयार झाली तिच्यानें मोळी उचलवेनाशी होते. शस्त्रक्रियेसाठीं काढलेलें कर्ज पुढल्या हंगामाच्या उचलींत जाऊन बसतें.

बीडच्या प्रश्नाला वैद्यकीय म्हणावें कीं मजुरीचा म्हणावें, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. स्त्रियांचें आरोग्य आणि सामाजिक न्याय हे दोन विषय एकाच संशोधकाच्या हातांत कां द्यावे लागतात, याचें उत्तर या एका खाड्याच्या हिशेबांत आहे. त्यासाठीं संशोधकाला सूक्ष्मदर्शक यंत्र वाचतां आलें पाहिजे आणि मुकादमाची वहीही.

बीड जिल्ह्यांत आतां अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम करण्यांत आला आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही एप्रिल २०२३ मध्यें सर्व राज्यांना, अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्याविषयीं केंद्रानें २०२२ मध्यें आंखून दिलेले नियम तीन महिन्यांच्या आंत अमलांत आणण्यास सांगितलें. परवानगीच्या अर्जावर स्त्रीचें वय, तक्रार आणि डॉक्टरचें नांव लिहावें लागतें. पाळीच्या दिवसांत तिचे किती खाडे धरले गेले, कोप्यांच्या वस्तींत पाण्याची व आडोशाची सोय होती कीं नाहीं, आणि पहिल्या दुखण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या काळांत तिला एकदां तरी कोणी नीट तपासलें होतें काय, हे प्रश्न घेऊन फडावर जाणाऱ्या मुली आज महाराष्ट्रांत आहेत. त्यांच्या हातांतील कागदावर प्रश्नांपुढील जागा बहुधा अजून कोरी आहे.